टीपकागद

मी डावखुरी.
म्हणजे ओळ जशी पुढे सरकते
तशी माझ्याच तळहाताची कड तिच्यावरून जाते,
सारवलेल्या अंगणातून वासरू जावं तशी.

त्यात आमची डिचोली.
आषाढात इथे मिठाला पाणी सुटतं,
काडेपेटी चारदा घासावी लागते,
आणि कचेरीतला कागद हाताला लागतो
भिजवलेल्या पोह्यांसारखा.
शाई आपल्या सवडीने वाळते,
तोवर अक्षरांना मुळं फुटतात.
एकदा जन्माच्या वहीत
नानोड्याच्या चंद्रकेत नावाच्या पोराचा अनुस्वार
पसरत पसरत काजूच्या बीएवढा झाला.
बाप वाकून बघत म्हणाला,
असू दे बाई, ठळक आहे.

आणि शिरोरेषा.
अक्षरं आधी, छप्पर मागाहून.
म्हणजे जे लिहून झालं
त्याच्या डोक्यावरून पुन्हा जायचं,
ते ओलं असतानाच.
साहेब म्हणतात, मॅडम, बॉलपेन दहा रुपयांत येतं.
येतं.

माझं पेन एबोनाइटचं, ड्रॉपरने भरायचं.
शाई पाव उरली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते
आणि ऐन सहीपाशी ते थेंब टाकतं.
दोन साड्या, एक पर्स,
एकदा बसमध्ये अस्नोड्याच्या वळणावर
शेजारच्या बाईंच्या पावाच्या पिशवीचा कोपरा.
त्या काही बोलल्या नाहीत.
मी उतरेपर्यंत काही बोलल्या नाहीत.

म्हापशाला शुक्रवारी
छत्र्या दुरुस्त करणाऱ्यांच्या ओळीत कायतान बसायचा,
घड्याळजीचं भिंग डोळ्यात अडकवून.
निबाखालच्या काळ्या पट्टीला तो जीभच म्हणायचा.
"जीब सुकल्या," म्हणायचा, माझ्याकडे न बघता,
"तिका सदांच उलोवंक जाय."
मला वाटायचं, मलाच म्हणतोय.
रविवारी मी पेन कोमट पाण्यात सोडून ठेवायचे
आणि वाटीत निळा धूर उतरताना बघत
भाजी करपवायचे.

एकदा त्याने विचारलं, कुठल्या हाताने लिहितेस?
मी सांगितलं, जरा हळूच.
त्याने काळ्या दगडावर पाण्याचा थेंब सोडला
आणि निबाने इंग्रजी आठाचा आकडा गिरवत राहिला,
एकावर एक, चाळीस-पन्नास वेळा.
मग पेन दिलं. "चड दामूं नाका."
मी माझं नाव लिहिलं. शाई अडली नाही.
त्यानंतर जो कोणी सहीपुरतं मागून घेतो
त्याला ते खरवडतं.
मी सॉरी म्हणते. मनातून नाही.

आता त्याच्या जागी मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात.
मुलगा म्हणाला, पप्पा घरी असतात,
हात कापतो.
मी एक कव्हर घेतलं.
माझ्या फोनला ते बसत नाही.

वह्याही गेल्या. नोंदी यंत्रावर करतो.
पेन उरलं वाण्याच्या यादीपुरतं,
वास्कोच्या बहिणीला वर्षातून दोन पत्रं,
गॅसचा नंबर, दुधाचा हिशेब.
तरी शाई भरताना
बाटलीच्या तोंडाशी नाक जातंच.

पहिलीत मी सगळं आरशातलं लिहायचे,
उजवीकडून डावीकडे, सरळ, न अडखळता.
कुंकळ्येकर बाईंनी डावा हात रिबिनीने बाकाला बांधला.
रिबीन लाल होती, माझीच.
दिशा बदलली. हात नाही बदलला.

काल टेबलाचा खण आवरताना
जुना टीपकागद सापडला, कचेरीतला,
किती वर्षांचा कोण जाणे.
एकावर एक उमटलेले जन्म, मृत्यू,
कुणाचं आडनाव कुणाच्या तारखेवर,
तो काजूच्या बीएवढा अनुस्वार,
माझ्या सह्या,
सगळं उलटं.

धाकटी म्हणाली, आरसा आणू?
नको म्हटलं.
आणि तिला वाचून दाखवायला लागले.